सही करण्याआधी सातवं पान वाचा

पहिल्या चित्रपटासाठी दोन गाणी लिहिली तेव्हा करार रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर आला, 14 पानांची पीडीएफ. 'उद्या रेकॉर्डिंग आहे, सही करून पाठव.' मी मानधनाचा आकडा पाहिला आणि सही केली. सातव्या पानावर 'गीतकार कोणत्याही रॉयल्टीवर दावा करणार नाही' असं होतं. ते वाचलं दोन वर्षांनी, गाणं एफएमवर सारखं वाजायला लागल्यावर. निर्मात्याला फोन केला. 'सगळं लिहून दिलंयस की,' ते म्हणाले, आणि मी गप्प बसलो.

गप्प बसायला नको होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. चित्रपटातल्या गाण्याचे हक्क विकले, तरी थिएटरमध्ये चित्रपटासोबत वाजणं सोडून बाकी वापराच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा गीतकार-संगीतकारांना सोडताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करून सदस्यांना वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो. याच्या विरुद्ध काही लिहून दिलं असेल तर ते रद्दबातल. म्हणजे माझ्या सहीने तो हक्क गेलाच नव्हता. गाणं वाजवल्याबद्दल एफएम केंद्रांनी गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी द्यायची की नाही, हा वाद पुढे कोर्टात गेला आणि एप्रिल 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात गीतकार-संगीतकारांची बाजू उचलून धरली. तो आदेश वाचताना मला खरंच भरून आलं.

गाणी लिहीत असाल तर आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी) सदस्यत्व आधी घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. नोंद नसेल तर जमा झालेले पैसे तुमच्यापर्यंत पोचणार कसे? पटकथा-संवाद लिहिणाऱ्यांनी निर्मात्याला गोष्ट ऐकवण्याआधी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये ती नोंदवावी. कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, पण वाद झाला की तारखेचा पुरावा लागतो.

करारात मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द शोधा. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. म्हणूनच समोरचे 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' आवर्जून लिहितात. श्रेयनामावलीत नाव कुठे येणार, तेही लिहून घ्या. तोंडी शब्दावर माझं नाव एकदा राहिलं आहे.

दुसऱ्या कराराच्या वेळी मी दोन दिवस मागितले. 'कायमस्वरूपी' खोडून '10 वर्षे' लिहिलं, शेजारी सही केली. प्रॉडक्शन मॅनेजरने पान उलटवून पाहिलं, 'चालेल' म्हणाला आणि चहा मागवला.