खाडीकिनाऱ्याची धूप मोजायला निघालात? आधी तिथी बघा

ठाणे खाडीवर प्रोजेक्ट करायचाय म्हणून जे विचारतात, त्यांतल्या बहुतेकांना लँडसॅट उपग्रहांची चित्रं कुठून उतरवायची, पाणी-जमीन वेगळी कशी करायची, डीएसएएसमध्ये (किनारा किती सरकला ते मोजणारं सॉफ्टवेअर) ट्रान्सेक्ट (किनाऱ्याला छेदणाऱ्या मोजणीच्या रेषा) कसे टाकायचे हे येत असतं. ते मी सांगत बसत नाही. मी जिथे आपटले तेवढंच नीट सांगते, कारण दरवर्षी कुणी ना कुणी तिथेच आपटताना दिसतं.

उपग्रहाच्या चित्रात दिसते ती त्या घटकेला पाणी जिथे होतं ती कड. तिला किनारा म्हणायची घाई करू नका. हे सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि तरीही कुणी मनावर घेत नाही. म्हणून आकडे मांडते. मुंबईकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. त्यात खाडीचा चिखलपट्टा जवळजवळ सपाट. समजा उतार दोनशेला एक आहे. पाणी दोन मीटर खाली गेलं की कड चारशे मीटर लांब जाते. आता 1990 चं ओहोटीचं एक चित्र घ्या आणि 2020 चं भरतीचं एक. ईपीआर, म्हणजे दोन कडांमधलं अंतर भागिले मधली वर्षं, तुम्हाला वर्षाला तेरा मीटर धूप बिनदिक्कत काढून देईल, नकाशावर लाल पट्टाही छान उमटेल. प्रत्यक्षात खाडीत बऱ्याच ठिकाणी उलटं घडलंय. गाळ साचत गेला आणि कांदळवन पुढे सरकलं.

माझा असाच लाल पट्ट्यांचा नकाशा मी दिवाळे कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या नाखवांना दाखवला होता. त्यांनी रंगांकडे बघितलंसुद्धा नाही. खाली छापलेल्या तारखेवर बोट ठेवून विचारलं, "पोरी, त्या दिवशी तिथी कंची होती?"

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते, हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत आत जाल तशी भरती आणखी उशिरा पोहोचते. आता उपग्रहाचं बघा. लँडसॅट 8 आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, आणि जातो तो नेहमी त्याच वेळेला. (चित्रासोबत वेळ जीएमटीमध्ये असते, साडेपाच तास मिळवा. हसू नका, हे विसरलेले प्रबंध मी पाहिलेत.) म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला त्याला खाडी जवळजवळ भरलेली दिसणार. अष्टमीला बाराच्या सुमारास ओहोटी असते, पण ती भांगाची, पाणी फारसं हटतच नाही. उधाणाची खरी ओहोटी येते सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे, आणि तेव्हा हा वर नसतोच. खाडीचा सगळा चिखल उघडा पडलेला या उपग्रहाला दिसतच नाही. तुम्ही शंभर चित्रं गोळा करा, सरासरी काढा, ही खोट जात नाही. त्यात जुना लँडसॅट 5 थोडा लवकर यायचा. उधाणाच्या दिवशी तेवढ्या वेळातही पाणी बरंच चढतं, त्यामुळे जुनी कड आपोआप समुद्राकडे सरकलेली दिसते आणि फुकटची धूप हाती लागते.

घाबरू नका, यातून वाट आहे. पहिली चाळणी तिथीची लावा. लँडसॅट सोळा दिवसांनी परत येतो आणि पंधरवडा पावणेपंधरा दिवसांचा, म्हणून प्रत्येक फेरीला तिथी साधारण सव्वाने पुढे जाते. दिवाळी ते मे एवढ्या निरभ्र काळात हवी ती तिथी एकदा तरी जवळपास सापडते. मग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकातून त्या मिनिटाची पातळी काढा आणि अनिश्चितता आकड्यात लिहा. त्याहून बरं म्हणजे खाडीत पाण्याची कड सोडूनच द्या आणि कांदळवनाची बाहेरची रेषा धरा. झाडं भरतीबरोबर हलत नाहीत. उरण-अलिबागकडच्या वाळूच्या किनाऱ्यावर मात्र महिनाही सारखाच हवा. पावसाळी लाटा वाळू समुद्रात ओढून नेतात आणि हिवाळ्यात ती बरीचशी परत येते. मे आणि सप्टेंबरची तुलना करून धूप सिद्ध करणाऱ्याला मी तरी पास करणार नाही.

किनारा आपोआप आखून देणाऱ्या आयत्या स्क्रिप्टबद्दल माझं मत कडू आहे. वापरा, पण आधी एकदा ऐरोलीकडच्या चिखलात उतरून या. पाय पोटरीपर्यंत जातो, बूट आतच राहतो, निवट्या टणाटण उड्या मारत बाजूला होतात आणि कालवांच्या कडांनी तळवा कापतो. कितीही हुशार असा, तो उतार पायाला कळल्याशिवाय पडद्यावर कळत नाही. मार्गदर्शक निवडतानाही शोधनिबंध किती यापेक्षा शेवटचे खाडीत कधी गेले होते ते विचारा. रागावले तर उत्तर मिळालं. आणि परवानगीशिवाय उतरू नका. खाडीचा मोठा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज वेळेत टाका.

व्यवस्थापन म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर भिंत आणि टेट्रापॉड येतात. भिंतीमागची जमीन वाचते, पण परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते आणि भिंत संपते तिथून पुढच्या गावाची धूप वाढते. पुदुच्चेरीला बंदराच्या बांधामुळे उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि शहरापुढची पुळणच गेली, ते प्रकरण मुलाखतीला जाताना पाठच करून जा. आपल्याकडे मात्र खरा अभ्यास खारबांधांचा (खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले बांध), उघाड्यांचा (त्यांतली झडपांची दारं) आणि सिडकोने बांधलेल्या धारण तलावांचा आहे. भरतीला झडपा बंद, ओहोटीला उघड्या, मधल्या वेळात पावसाचं पाणी तलावात. आता त्या तलावांत गाळ साचून कांदळवन उगवलंय. गाळ काढावा तर झाडं आडवी येतात, झाडं राखावीत तर पाणी वस्तीत शिरायची भीती. बांधाला खांड पडली की मागची भातशेती खारी होते ते वेगळंच. यावर धड काम करणारे लोक कमी आहेत. विषय शोधत असाल तर हा घ्या.

2019 ची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना मुळातून वाचा, सारांशावर जाऊ नका. हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा, खाडीला लागणारे वेगळे नियम, सगळं तिथे आहे. अधिकृत भरतीरेषा आखायचा हक्क ठरावीक संस्थांनाच आहे, तुमच्या नकाशातल्या रेषेला ते नाव देऊ नका.

नोकरीचं म्हणाल तर खडकवासल्याची सीडब्ल्यूपीआरएस (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र), गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), चेन्नईची एनसीसीआर (राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र) इथल्या प्रोजेक्टच्या जागांवर लक्ष ठेवा. पगार बेताचा आणि मुदत ठरावीक, पण मोजमाप तिथेच शिकाल. खासगी सल्लागारांकडे पैसे बरे मिळतात. मी होते तिथे मात्र निष्कर्ष आधी यायचा आणि नकाशा मागून. सगळीकडे असंच चालतं असं नाही, चांगली माणसंही भेटली. रुजू होताना एवढं विचारून घ्या की अहवालावर सही कुणाची जाणार आणि कच्च्या मोजणीची प्रत तुम्हाला बघायला मिळणार का.