कंपनीतले पहिले एचआर? आधी फायली उघडा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एखाद्या कारखान्यात पहिले एचआर म्हणून रुजू झालात, की मालक लगेच म्हणतील, "भरतीचं बघा." भरती जरूर बघा, पण त्याआधी आहेत त्या लोकांच्या फायली काढा. इतके दिवस हे काम अकाउंट्सवाल्या काकांनी सांभाळलेलं असतं. त्यांच्याजवळ बसून, चहा घेत, मान ठेवून सगळं विचारून घ्या. पगाराची खरी पद्धत त्यांनाच ठाऊक असते.

सगळ्यात जास्त वेळ नावांवर द्या. बडोद्यात शाळेच्या दाखल्यावर बहुतेकदा आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि बँकेत वडिलांचं नावच गायब. पीएफच्या नोंदीतलं नाव नि जन्मतारीख आधारशी जुळली नाही, तर मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेलेल्या माणसाचा अर्ज अडकतो. त्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच प्रत्येकाला समोर बसवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. वारसनोंदही तेव्हाच भरून घ्या. माझ्या मते पहिल्या महिन्यात याहून मोलाचं काम नाही.

मग डोकी मोजा. 10 झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि 2013च्या कायद्याखालची, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते; 20 झाली की पीएफ. पीएफ आणि ईएसआय, दोन्हींचा भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत.

रजेचे नियम मराठी, गुजराती आणि हिंदीत एका पानावर लिहून पंचिंग मशीनशेजारी लावा. जाडजूड मॅन्युअल नंतर केलं तरी चालेल.