पाचशे एमबीवरच्या नोंदींचा बॅकअप: माझा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या संग्रहालयात जुन्या नकाशांचे आणि बखरींचे स्कॅन पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये बायटिया (कच्चे बाइट साठवणाऱ्या) प्रकाराच्या रकान्यात ठेवलेले आहेत. पीजी-डम्प या पोस्टग्रेसच्या बॅकअप साधनाने घेतलेला बॅकअप (डम्प) एका मोठ्या नकाशापाशी 'इनव्हॅलिड मेमरी अलॉक रिक्वेस्ट साइज' (मागितलेल्या मेमरीचा आकार अवैध) असा संदेश देऊन थांबू लागला. कोकणात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे बॅकअपविना राहणे मला मान्य नव्हते, म्हणून तूर्तास पीजी-बेसबॅकअप या दुसऱ्या साधनाने डेटाबेसच्या फाइलींची जशीच्या तशी प्रत घेतली; ती पद्धत नोंदींचे मजकुरात रूपांतर करत नाही.

खरे कारण असे, की बायटियाची मर्यादा १ जीबी असली तरी डम्प घेताना प्रत्येक बाइट दोन हेक्स (सोळा-अंकी पद्धतीच्या) अक्षरांत लिहिला जातो आणि आकार दुप्पट होतो, त्यामुळे साधारण ५०० एमबीच्या पुढची नोंद साठवता येते पण बाहेर काढता येत नाही. रॅम वाढवून येथे काहीही साधत नाही.

बाइटमधील लांबी सांगणाऱ्या ऑक्टेट-लेंग्थ फंक्शनने अशा नोंदी शोधल्या, सबस्ट्रिंग फंक्शनने त्यांचे तुकडे केले आणि एलओ-पुट फंक्शन वापरून ते लार्ज ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे मोठ्या डेटासाठी पोस्टग्रेसने दिलेल्या वेगळ्या साठ्यात, भरले. तेथे मर्यादा ४ टीबी आहे, आणि पीजी-डम्प त्यांना तुकड्यातुकड्यानेच वाचतो. मात्र एकाच टेबलाचा डम्प घेताना '-b' (इंग्रजी लहान बी) हा पर्याय आठवणीने द्यावा लागतो, अन्यथा लार्ज ऑब्जेक्ट वगळले जातात. शेवटी रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करून दोन्हीकडील शा-२५६ (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा ठसा) ताडून पाहिले. ते जुळल्यावरच जुन्या रकान्यातील त्या नोंदी काढल्या.