गावाचा इतिहास लिहायचाय? तीन रकाने आखा आणि पारावर जाऊन बसा

आमच्या गावावर काहीतरी लिहायचंय, सुरुवात कुठून करू, असं बरेच जण विचारतात. मी सासवडवर केलं तेच सांगतो. पुण्याहून दिवे घाट चढून तिसेक किलोमीटर, रविवारी जाऊन येण्यासारखं.

आधी पारावर बसायचं. पण "इतिहास सांगा" असं म्हणू नका, माणसं थेट शिवाजी महाराजांपासून भाषण चालू करतात. "आप्पा, हा वाडा कुणाचा? इथं पूर्वी काय होतं?" असं विचारा, मग बघा कसे बोलतात. रेकॉर्डिंग लावायचं असेल तर आधी विचारून लावा.

मग गावची मोठी माणसं. इथं सगळे गंडतात, मीपण गंडलो. आचार्य अत्र्यांचा जन्म सासवडचा असं मी बिनधास्त लिहून मोकळा, तर एका आजोबांनी सगळ्यांसमोर झापलं, "अरे कोडीत! सासवडला शाळेत होते ते!" (कोडीत खुर्द, १३ ऑगस्ट १८९८.) तेव्हापासून प्रत्येक नावापुढे तीन रकाने करतो: जन्मले कुठं, राहिले कुठं, गेले कुठं. बाळाजी विश्वनाथ जन्मले श्रीवर्धनला, पण १७२० मध्ये वारले सासवडला. उमाजी नाईक भिवडीचे, फाशी दिली पुण्यात, १८३२ ला. सोपानकाकांची समाधी सासवडला, त्यामुळे ते तिसऱ्या रकान्यात. रकाने आखले की कोण "आपला" आणि किती आपला ते आपोआप कळतं, आणि शेजारच्या गावाशी भांडणंही कमी होतात 😄

देवळातला शिलालेख दुपारी वाचायला जाऊ नका, काही दिसत नाही. अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च दगडाला चिकटवून आडवा धरा, अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि झिजलेला "श्री"सुद्धा उठून दिसतो. खडू घासू नका, तेल तर अजिबात नको. शके दिसला की ७८ मिळवा, १६४२ म्हणजे १७२०. तिथी माघ-फाल्गुनातली असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं.

कागदांसाठी पुण्यातच या. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर तीन भागात आहे, आधी ते चाळा. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे आणि सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासूनचं. बहुतेक सगळं मोडीत, तेव्हा मोडी वाचणारा एखादा मित्र धरा, नाहीतर स्वतः शिका.

आणि कुणाच्या घरचे कागद नेऊ नका, तिथंच फोटो काढा. मी एका घरी गेलो तर दारातूनच परत पाठवलं. आधी कुणीतरी "वाचून देतो" म्हणून वतनाचे कागद नेले ते परत आलेच नव्हते, मग माझ्यावर तरी कशाला विश्वास ठेवतील?

लिहून झालं की छापायच्या आधी एकदा पारावर वाचून दाखवा. चुकलं असेल तर मध्येच कुणीतरी "थांब थांब" म्हणतंच. माझ्या वेळी तेच कोडीतवाले आजोबा शेवटपर्यंत गप्प बसले, मग म्हणाले, आता छाप.