मनगटाची प्लेट: ऑर्थोच्या नव्या रेसिडेंटसाठी

पावसाळा सुरू झाला की फलाटाच्या जिन्यावरून घसरून तळहातावर पडलेले, मनगटाजवळ रेडियस (अंगठ्याच्या बाजूचं हाड) मोडलेले पेशंट येतातच. ड्यूटी परळला असो की सायनला. सगळ्यांना प्लेट लागत नाही. हाड बसवून काढलेल्या एक्स-रेत मागचा (हाताच्या पाठीकडचा) कल 10 अंशांपेक्षा जास्त, आखूडपणा 3 मिमीच्या वर किंवा सांध्यात 2 मिमीहून मोठी पायरी राहिली, तर ऑपरेशनचा विचार करा. वय आणि हाताचं कामही बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत चाललं असेल आणि हाड बसवूनही वाढत असेल, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, लगेच सीनियरला उठवा.

चीर तळहाताच्या बाजूला, एफसीआर (मनगट वाकवणाऱ्या) टेंडनवर घ्या. टेंडन करंगळीच्या बाजूला ओढा, म्हणजे मीडियन नर्व्ह सुरक्षित राहते. रेडियल आर्टरी अंगठ्याच्या बाजूला असते. प्रोनेटर क्वाड्रेटस (हाडावरचा चौकोनी स्नायू) रेडियल, म्हणजे अंगठ्याकडच्या कडेवरून सोडवा. हाड बसलं की स्टायलॉइडमधून (रेडियसच्या अंगठ्याकडच्या टोकातून) 1.6 मिमीची के-वायर, म्हणजे तात्पुरती धरून ठेवणारी तार, घाला. प्लेटचा पहिला स्क्रू लांबट भोकात, पण सैलच. मग सी-आर्मखाली (ऑपरेशनमधल्या एक्स-रे मशीनखाली) प्लेट वर-खाली सरकवता येते. तिची सांध्याकडची कड वॉटरशेड लाइनच्या (हाडाच्या तळहाताकडच्या बाजूला सांध्याजवळ असलेल्या उंचवट्याच्या रेषेच्या) पुढे गेली, तर अंगठा वाकवणारा टेंडन तिच्यावर घासत राहतो आणि कधीकधी काही महिन्यांनी तुटतो.

नव्या माणसाची खरी गफलत होते ती सांध्याकडच्या स्क्रूंच्या लांबीत. डेप्थ गेज (भोकाची खोली मोजायचं साधन) 24 मिमी दाखवतो आणि हात आपोआप 24 च्या स्क्रूकडे जातो. 18 चा घ्या. लॉकिंग स्क्रूला (प्लेटमध्येच घट्ट बसणाऱ्या) मागचा कॉर्टेक्स, म्हणजे हाडाचं मागचं कठीण कवच, पकडायची गरजच नसते, मोजलेल्या लांबीच्या 75 टक्के पुरतात. मागे डोकावणारं टोक अंगठा उचलणारा टेंडन कापतं आणि साध्या लॅटरल (बाजूने काढलेल्या) फोटोत रेडियसच्या मागच्या बाजूच्या लिस्टरच्या उंचवट्याआड लपतं. म्हणून मनगट पूर्ण वाकवून स्कायलाइन व्ह्यू (हाडाच्या मागच्या कडेला समांतर एक्स-रे) काढाच. स्क्रू सांध्यात गेलाय का, ते बघायला लॅटरलमध्ये हात टेबलावरून साधारण 20 अंश उचला.

ल्यूनेट फॅसेटचा (रेडियसच्या सांध्यातल्या, ल्यूनेट हाड टेकतं त्या भागाचा) तळहाताकडचा छोटा तुकडा प्लेटखाली आला नाही, तर मनगटाची हाडं त्याच्यासकट तळहाताकडे सरकतात. टाके घालण्याआधी हात उलटसुलट फिरवून डीआरयूजे (मनगटाजवळचा रेडियस-अल्ना सांधा) तपासा.

बोटांची मूठ-उघड पहिल्याच दिवसापासून. झोळीत निपचित ठेवलेली बोटं आखडतात. पाण्याची बादली आणि लोकलचं हँडल सहा आठवडे तरी बंद. अंगठा वाकवताना करकर जाणवली तर लगेच यायचं, हे डिस्चार्ज कार्डवर मराठीत लिहा. टेंडन शाबूत असताना प्लेट काढली तर काम भागतं.