डावा चॅनल पुन्हा वाजला

वेंगुर्ल्यात आमचं घर समुद्राला लागून. पावसाळ्यानंतर बाबांचा जुना अँप्लिफायर लावला, तर डावा स्पीकर मुका. स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या, तेव्हा उजवा मुका झाला. म्हणजे दोष स्पीकरमध्ये नाही, अँप्लिफायरच्या बाजूला.

प्लग काढून रात्रभर ठेवला. तरीही वीज साठवून ठेवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवरचे व्होल्ट मल्टिमीटरने मोजले, शून्याजवळ दिसल्यावरच हात घातला. इथे घाई जिवावर बेतते. स्पीकर रिलेचं, म्हणजे स्पीकरची जोडणी चालू-बंद करणाऱ्या स्विचचं, झाकण काढलं, तर खाऱ्या हवेने आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले. क्लीनरमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी त्यांच्यामधून हळूच ओढत राहिलो. पॉलिश पेपर मुद्दाम टाळला, वरचा मुलामा खरवडला जातो.

आत शॉर्ट असेल तर करंट अडावा म्हणून १०० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्यात सिरीजमध्ये जोडून तो सुरू केला. बल्ब क्षणभर उजळला, मंदावला. दोन्ही बाजू वाजल्या, आणि बाबा खुर्ची ओढून समोर बसले.