आधी रस शिजवा, मग चेरी

पाय म्हणजे पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. दुकानातल्या डब्यातलं चेरी पायचं सारण एकदा नीट बघा. लालभडक, चिकट, चमच्याला लोंबणारा गर, आणि त्यात चेरी शोधाव्या तेव्हा सापडणाऱ्या. घरी याच्याहून चांगलं सारण करायला फार कौशल्य लागत नाही. गॅससमोर अर्धा तासही उभं राहावं लागत नाही. एकच गोष्ट पाळायची, ती म्हणजे फळ आणि रस वेगवेगळे शिजवायचे. सगळं एकदम पातेल्यात घालून ढवळत बसलं, तर रस दाट होईपर्यंत चेरीचा लगदा होतो. रसाला सणसणीत उकळी लागते आणि चेरीला नुसता चटका पुरतो, तेव्हा दोघांना एकाच वेळी आचेवर ठेवण्यात अर्थ नाही.

मी राहते मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सला. इथून उत्तरेला ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपास जुलैत आंबट चेरी पिकते. अमेरिकेतली बहुतेक आंबट चेरी याच राज्यात होते. तिथल्या ओल्ड मिशन द्वीपकल्पावर पीटर डॉगर्टी नावाच्या मिशनऱ्याने १८५२ साली चेरीची झाडं लावली आणि ती जगली, कारण शेजारी मिशिगन सरोवर आहे. वसंतात सरोवराचं पाणी गार असतं, त्यामुळे हवा लवकर तापत नाही. झाडंही घाई करून फुलत नाहीत आणि उशिराच्या हिमातून बहुधा वाचतात. बहुधाच. २०१२ साली मार्चमध्येच उन्हाळा आल्यासारखं झालं, झाडं फुलायला लागली, पाठोपाठ एप्रिलच्या हिमाने सुमारे नव्वद टक्के पीक नेलं. तेव्हापासून फ्रीजरमध्ये पुढच्या वर्षापुरती चेरी शिल्लक ठेवायची सवय मला लागली आहे.

इथली मुख्य जात माँटमोरेन्सी. साल लाल, पण आतला गर फिकट पिवळसर आणि रस जवळजवळ पारदर्शक. म्हणून घरचं सारण डब्यातल्यासारखं भडक होत नाही, त्यावर हलकी लाल झाक येते. रंग कमी वाटला म्हणून काहीही घालू नका. गडदच हवं असेल तर बालाटोन ही हंगेरीहून आलेली जात बघा, तिचा रसही गर्द असतो. पायला मात्र माझी पसंती माँटमोरेन्सीलाच, कारण तिच्यासारखा आंबटपणा दुसरीत नाही.

नऊ इंची पायसाठी बिया काढलेल्या चेरी ९०० ग्रॅम, म्हणजे सुमारे सहा कप. बियांसकट घेणार असाल तर सव्वा किलो आणा. साखर २०० ते २२० ग्रॅम. कॉर्नफ्लोअर, इथल्या डब्यावर कॉर्नस्टार्च लिहिलेलं असतं ते, चार सपाट टेबलस्पून, म्हणजे ३२ ग्रॅमच्या आसपास. चिमूटभर मीठ, एक टेबलस्पून लोणी, पाव टीस्पून बदामाचा इसेन्स आणि लागलाच तर थोडा लिंबाचा रस.

बिया काढणं हेच काय ते कंटाळवाणं काम. त्यासाठी यंत्र मिळतं, पण केसांचा आकडा त्याहून बरा. आकड्याची दोन टोकं बाटलीच्या बुचात खोचायची, वाकडी बाजू देठाच्या जागेतून आत घालायची आणि बी ओढून काढायची. चेरी अख्खी राहते. हे सिंकमध्ये किंवा अंगणात बसून करा, भिंतीवर उडालेले डाग मग आठवडाभर पुसावे लागतात. इथे हंगामात शेतावरच्या दुकानात बिया काढलेल्या चेरीच्या बादल्या मिळतात, आणि आळस असेल त्या वर्षी मी सरळ त्याच आणते. फक्त एक बघून घ्या. बादलीवर ‘५+१’ लिहिलेलं असेल तर पाच भाग चेरीत एक भाग साखर आधीच घातलेली असते. अशा ९०० ग्रॅममध्ये १५० ग्रॅम साखर आणि ७५० ग्रॅमच चेरी. हे न बघता वरून आणखी कपभर साखर घातलीत तर पाय तोंडात धरवणार नाही.

चेरीवर साखर आणि मीठ घालून तासभर झाकून ठेवा. रात्रभर ठेवायचं तर फ्रीजमध्ये. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते आणि थोडी स्वतः आत शिरते, त्यामुळे चेरी आकसते आणि पुढे शिजताना फुटत नाही. मग चाळणीत ओतून रस खाली निथळू द्या. चेरी दाबू नका. साधारण एक ते दीड कप रस मिळतो. चेरी फ्रीजरमधल्या असतील तर त्या पूर्ण वितळू द्या, रस जास्त सुटेल, आणि तो सगळा वापरायचा.

पातेलं स्टीलचं किंवा एनॅमलचं, रुंद तोंडाचं आणि जाड बुडाचं घ्या. लोखंडी कढई नको आणि बिनमुलाम्याचं ॲल्युमिनियमही नको. आंबट रस धातूला लागतो, चव बिघडते, आणि लोखंडात तर रंग जांभळट काळा पडतो.

आता रसातला पाव कप गारच बाजूला काढून त्यात कॉर्नफ्लोअर गुठळी न ठेवता कालवा. उरलेला रस मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं उकळून थोडा आटवा. इथे आपल्या बायकांचा हात आपोआप तार बघायला जातो. एकतारी, दोनतारी काही बघायचं नाही. हा मुरांबा नव्हे. याला दाटपणा पिठाने येतो, साखरेच्या पाकाने नाही, म्हणून रस जरा आटला आणि वास भरला की पुरे.

कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, तेव्हा ते पुन्हा ढवळून बारीक धारेने उकळत्या रसात सोडा आणि दुसऱ्या हाताने सतत हलवत राहा. आधी रस दुधाळ गुलाबी दिसेल. तिथे थांबू नका, गॅस बंद करायचा मोह इथेच होतो. पिठाचे कण साधारण सत्तर अंशांच्या आसपास फुगायला लागतात, पण पूर्ण उमलायला उकळीजवळ जावं लागतं. त्यात साखर भरपूर असली की ती पाणी अडवून धरते आणि पिठाला आणखी उष्णता लागते. मिनिटभरात दुधाळपणा जाऊन रस काचेसारखा स्वच्छ होतो आणि पिठल्यासारखे जड बुडबुडे फद् फद् करत फुटू लागतात. ही खूण. यानंतर घड्याळ लावून एक मिनिट. कच्च्या पिठाची चव गेली की काम झालं.

त्याहून जास्त वेळ उकळलंत तर दाट झालेला रस पुन्हा पातळ होतो. आंबटपणा आणि उष्णता मिळून पिठाच्या साखळ्या तोडतात. अजून दाट व्हावं म्हणून लोक उकळत राहतात आणि ते उलट पळत सुटतं. जोरजोरात घोटण्यानेही तेच होतं. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर घालायचा तोही याचसाठी.

आता निथळलेल्या चेरी घाला. या क्षणी सारण जरा विचित्र दिसेल, चेरीभोवती खळीचे गोळे. घाबरू नका. चेरी तापल्या की आणखी रस सोडतात आणि सगळं मिळून येतं. लाकडी चमच्याने खालून वर हलक्या हाताने परता. कडेने पुन्हा उकळी दिसली की दोन मिनिटं, फार तर तीन, आणि गॅस बंद. लोणी आणि बदामाचा इसेन्स घाला. चाखून बघा, माँटमोरेन्सीला लिंबू बहुतेक लागत नाही.

बदामाचा इसेन्स कशाला, असं विचारतात. चेरी आणि बदाम एकाच कुळातले, आणि चेरीच्या बीला फोडल्यावर कडू बदामाचाच वास येतो. तो वास आला की चेरी जास्त चेरीसारखी लागते. पण पाव टीस्पूनच, नाहीतर मार्झिपान, म्हणजे बदाम-साखरेची मिठाई, खाल्ल्यासारखं होतं. आणि वासासाठी खऱ्या बिया फोडून रसात उकळायचा उद्योग करू नका, त्यांच्यातून सायनाइड तयार होतं.

दाटपणा पातेल्यात जोखता येत नाही. गार बशीवर चमचाभर सारण टाका, दोन मिनिटांनी त्यातून बोट ओढा. रेघ हळूहळू भरून आली तर बरोबर. रेघ तशीच राहिली तर जरा घट्ट झालंय, दोन-तीन चमचे गरम पाणी घालून सैल करा. रेघ लगेच मिटली तर एक टीस्पून कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून घाला आणि फक्त उकळी येईपर्यंत तापवा. सारण किंचित सैलच ठेवा, गार झाल्यावर आणि ओव्हनमध्ये ते आणखी बसतं.

पसरट ताटलीत ओतून पूर्ण गार होऊ द्या. कोमट सारण पायच्या पारीत भरलं की पारीतलं लोणी वितळतं आणि खालचा थर ओला, कच्चट राहतो. वर-खाली दोन्हीकडे पारी असलेला पाय मी २२० अंश सेल्सिअसला वीस मिनिटं आणि मग १९० ला अर्धा-पाऊण तास भाजते. मध्यभागी सारण बुडबुडताना दिसलं पाहिजे. कापायची घाई नको, चार तास तरी जाऊ द्या.

कॉर्नफ्लोअरचं सारण फ्रीजमध्ये चार-पाच दिवस छान राहतं, पण फ्रीजरमध्ये घातलं तर वितळताना पाणी सुटतं. साठवायचं असेल तर साबुदाणा वापरा. हे पुण्याच्या वहिनीला सांगितलं तेव्हा ती हसायलाच लागली, “ताई, पायमध्ये साबुदाणा? उपास आहे का तुमच्याकडे?” पण इथल्या जुन्या बायका पायमध्ये जो टॅपिओका घालतात तो कसाव्याच्या कंदाचाच, आणि आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. चार टेबलस्पून साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक करा, रवाळ ठेवलात तर सारणात डोळे दिसतात. ही पूड गार रसात पंधरा मिनिटं भिजवून मग तापवा. रस पारदर्शक होतो, चकाकी कॉर्नफ्लोअरपेक्षा जास्त येते आणि फ्रीजरमधून काढल्यावर पाणी सुटत नाही. ढवळायचं मात्र बेताने, फार घोटलं तर तार सुटते. आणि हो, पारीशिवाय नुसतं सारण वाटीत घेतलं तर उपासालाही चालावं. वहिनीने अजून तसा प्रयोग केलेला नाही.

बाटलीत भरून फडताळात ठेवायचं मनात असेल तर दोन्ही पिठं बाद. दाट सारणाच्या मधोमध उष्णता सारखी पोचत नाही, आणि भरलेल्या बाटल्या टिकण्यासाठी उकळतात त्यात साधं पीठ फुटतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या घरगुती कॅनिंगच्या पाककृतींमध्ये यासाठी क्लिअर जेल नावाचं बदललेलं कॉर्नस्टार्च सांगितलेलं आहे. ते नसेल तर साखर लावलेली चेरी तशीच फ्रीजरमध्ये टाका आणि सारण ऐनवेळी करा.

महाराष्ट्रात आंबट चेरी मिळणार नाही. मे-जूनमध्ये काश्मीरची गोड चेरी येते, तीच घ्या, पण साखर निम्मी करा आणि शेवटी दोन-तीन टेबलस्पून लिंबाचा रस घाला. बेकरीच्या केकवरची ती लाल चेरी घेऊ नका. ती पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेली करवंदं असतात.

रस आधी आणि फळ नंतर हा क्रम दुसऱ्या फळांनाही लागू होतो, फक्त हात थोडा बदलतो. ब्लूबेरी निम्म्या रसात फुटू द्यायच्या आणि निम्म्या गॅस बंद करून घालायच्या. त्यांना कॉर्नफ्लोअर तीन टेबलस्पून पुरे. स्ट्रॉबेरी सगळ्यांत नाजूक. महाबळेश्वरची असो की इथली, शिजवली की पाण्याची पिशवी होते. तिच्यातली एक तृतीयांश कुस्करून रस करायचा, तो दाट करून गार करायचा आणि उरलेली कच्चीच त्यात मिसळायची. हा पाय भाजायचा नाही, आधी भाजून घेतलेल्या पारीत भरायचा. सफरचंदाला उलट वेळ हवा. फोडी साखरेबरोबर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर, उकळी येऊ न देता, वीसेक मिनिटं ठेवल्या तर त्यांच्यातलं पेक्टिन, म्हणजे फळाला घट्टपणा देणारा घटक, घट्ट होतं आणि नंतर ओव्हनमध्येही फोडी मोडत नाहीत. इथे त्यासाठी नॉर्दर्न स्पाय ही आंबटसर जात वापरतात, ती नसेल तर ग्रॅनी स्मिथ. आंब्याचं विचाराल तर हापूस शिजवायला माझा हात धजत नाही. तोतापुरी घ्या, जरा कडक असतानाच.

ओव्हन नसेल तर पायचा हट्टही सोडा. ब्रेडच्या दोन स्लाइसना बाहेरून लोणी लावून मधे दोन चमचे गार सारण भरायचं आणि गॅसवरच्या सँडविच टोस्टरमध्ये कडा घट्ट दाबून भाजायचं. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं मुलांच्या हाती देऊ नका, आतलं सारण जीभ पोळवतं.